दोन हिमायतनगरे आणि एक शोधयंत्र

एकाच गल्लीत एकाच नावाचे दोन गृहस्थ राहत असले, म्हणजे टपालवाल्याची मोठी तारांबळ उडते. आज संगणकाच्या शोधयंत्रापुढेही तोच पेच उभा राहतो. हिमायतनगर हेच नाव घ्या. हैदराबाद शहरात हुसेनसागराजवळ या नावाची गजबजलेली वस्ती आहे. आणि नांदेड जिल्ह्यात, वाढोणा या जुन्या नावानेही ओळखले जाणारे, तालुक्याचे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ही दोन्ही ठिकाणे एकाच हैदराबाद राज्यात होती.

समजा, हैदराबादच्या हिमायतनगरात एक मराठी गृहिणी दिवाळीचा फराळ करून विकते. पदरचे पैसे घालून तिने संकेतस्थळ उभारले. परंतु ‘हिमायतनगर फराळ’ असा शोध घेणाऱ्यास ते दिसतच नाही. सणाचे चार दिवस सरले की चकल्यांचे डबे घरातच राहतात. तिच्या दृष्टीने हा प्रश्न पोटाचा आहे.

यावर उपाय करावयाचा, तर शोधयंत्राची रीत समजून घेतली पाहिजे. ते प्रथम जगभरची पाने वाचत हिंडते. मग ग्रंथाच्या शेवटी असते तशी त्यांची शब्दसूची तयार करते. आणि कोणी विचारणा केली की त्या सूचीतून पाने काढून त्यांचा क्रम लावते. १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन करणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी या क्रमासाठी एक व्यवहारी तत्त्व योजिले. ज्या पानाकडे इतर पाने दुव्याने बोट दाखवितात, ते वजनदार. आणि बोट दाखविणारा जितका प्रतिष्ठित, तितकी त्याची शिफारस मोलाची. पुढे या कसोटीस इतर अनेक कसोट्यांची जोड मिळाली.

तेव्हा त्या गृहिणीने पानाच्या मथळ्यातच ‘मराठी फराळ, हिमायतनगर, हैदराबाद’ असे स्पष्ट लिहावे. पूर्ण पत्ता व ५०००२९ हा पिन क्रमांक द्यावा. पदार्थांची नावे केवळ चित्रात न ठेवता अक्षरांत लिहावी. मराठीबरोबर तेलुगू व इंग्रजीतही द्यावी, कारण गिऱ्हाईक आपल्या भाषेत शोधते. पान भ्रमणध्वनीवर चटकन उघडावे. नकाशावर दुकानाची नोंद करावी. तेथे विषयाचा मेळ, अंतर आणि लौकिक हे तिन्ही पाहिले जातात. एखाद्या मराठी मंडळाने आपल्या पानावर तिचा दुवा दिला, तर ती खरी शिफारस ठरते.

आडवाटाही आहेत. कोणी तेच तेच शब्द पानात कोंबतो, कोणी ते पार्श्वभूमीच्या रंगात लपवितो, कोणी दुवे विकत घेतो. गूगलने २०११ पासून निकस मजकुराविरुद्ध आणि २०१२ पासून अशा दुव्यांविरुद्ध कडक उपाय योजिले. पैसे देऊन जाहिरात वर आणता येते, पण तिच्यावर तशी खूण असते. मूळ क्रम विकत मिळत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे.

या कामाचे फळ दिसण्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेव्हा दिवाळीची तयारी श्रावणातच आरंभिलेली बरी. आपण कोण, कोठे आणि काय देतो, हे जो नीट सांगतो, त्याचे घर शोधणाऱ्यास सापडते.