गाव शांत आहे. पण सुरक्षित आहे का?

पुण्या-मुंबईत नोकरी करणारा मुलगा रात्री नऊच्या सुमारास श्रीरामपूर तालुक्यातील आपल्या वस्तीवर फोन करतो. गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवर उसाच्या मळ्यात घर, घरात वयस्कर आई-वडील आणि दाराशी एक कुत्रा. वर्तमानपत्रात जिल्ह्यातल्या दरोड्याची बातमी वाचली, म्हणून हा फोन. पलीकडून ठरलेले उत्तर येते, "आपल्याकडे तसलं काही नाही, गाव शांत आहे." मुलाचे समाधान होते. परंतु हे उत्तर नेमके कशाच्या आधारावर दिले जाते, गावाची सुरक्षितता मोजायची कशी आणि शांत गाव हे सुरक्षित असतेच का, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा विस्तार एकट्या जिल्हा मुख्यालयातून सांभाळणे अवघड, म्हणून उत्तर भागासाठी श्रीरामपूरला अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. तालुक्यात शहरासाठी आणि ग्रामीण भागासाठी वेगवेगळी पोलीस ठाणी आहेत. तरीही एका ठाण्याच्या हद्दीत कितीतरी गावे आणि त्याहून अधिक वाड्या-वस्त्या येतात. रात्रीच्या गस्तीचे वाहन प्रत्येक वस्तीवर पोहोचणे शक्य नाही. साहजिकच खेड्याची सुरक्षितता पोलिसांइतकीच गावाच्या स्वतःच्या रचनेवर अवलंबून असते.

आकडे काय सांगतात?

गुन्हेगारीची पातळी सांगण्याची रूढ पद्धत म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात हाच दर देतो. राज्य किंवा महानगर यांच्यासाठी हे माप उपयोगी आहे. खेड्याला मात्र ते लागू पडत नाही. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षभरात एकच घरफोडी झाली, तर दर लाखामागे पन्नास घरफोड्या असा हिशेब निघतो. पुढील वर्षी एकही झाली नाही, तर तोच दर शून्यावर येतो. पहिल्या वर्षी गाव धोकादायक होते आणि दुसऱ्या वर्षी सुरक्षित झाले, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल.

उलट बाजूही आहे. श्रीरामपूरपासून जवळच असलेल्या बेलापूर या बाजारपेठेच्या गावात २०२१ मध्ये एका व्यापाऱ्याचे अपहरण होऊन खून झाला. आकडेवारीत ही घटना म्हणजे एक नोंद. प्रत्यक्षात अशा एका घटनेनंतर दुकान बंद करून रोकड घेऊन घरी निघणारा प्रत्येक व्यापारी मागे वळून पाहू लागतो. भीती ही सरासरीने वाटली जात नाही.

आणखी एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी लागते. एकाच घटनेत अनेक अपराध घडले असतील, तर राष्ट्रीय अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर अपराधाचीच मोजणी होते. शिवाय हा अहवाल फार तर जिल्ह्यापर्यंत खाली उतरतो. गावनिहाय चित्र त्यात मिळत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २०११ पासून नोंदलेले गुन्हे रस्तानिहाय नकाशावर सर्वांना पाहता येतात आणि तिथले लहानसे खेडेही आपल्या परिसरात गेल्या महिन्यात काय घडले, हे तपासू शकते. मात्र पोलिसांची नोंद अपुरी असते, हे तिथेही मान्य आहे. म्हणूनच १९८२ पासून तिथे एक स्वतंत्र सर्वेक्षण होते. त्यात घरोघर जाऊन विचारले जाते की, वर्षभरात तुमच्या बाबतीत कोणता अपराध घडला आणि तुम्ही तो पोलिसांना कळवला का? आपल्याकडे दरवर्षी होणारे असे राष्ट्रीय सर्वेक्षण नाही. त्यामुळे जे नोंदले गेले, तेवढेच घडले, असा समज बळावतो.

नोंदवहीबाहेरचे गाव

प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यात शेतकऱ्याला सर्वाधिक छळणारी चोरी दागिन्यांची नसून विहिरीवरच्या मोटारीची, केबलची आणि स्टार्टरची आहे. केबल कापून आतील तांब्याची तार भंगारात विकली जाते. चोराला मिळतात थोडे पैसे. शेतकऱ्याचे मात्र पाण्याचे आवर्तन हुकते आणि उभे पीक सुकते. नवी केबल घ्यायची की ठाण्यात हेलपाटे घालायचे, यांत बहुतेक शेतकरी पहिला पर्याय निवडतात. पहिल्यांदाच अपराध करणाऱ्याने केलेली पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीनुसार अदखलपात्र ठरते. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. कायद्याचा हेतू किरकोळ चोरीसाठी माणसाला तुरुंगात न डांबण्याचा आहे. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीने 'किरकोळ' या शब्दाचा अर्थ वेगळा असतो.

त्यातच थ्री फेज वीज अनेकदा रात्री येते. पिकाला पाणी देण्यासाठी अंधारात बांधावर जाणाऱ्याला साप, उसात दडलेला बिबट्या आणि अनोळखी माणूस या तिन्हींची धास्ती असते. वस्तीवरील एकाकी घर हे दरोडेखोरांना सोपे लक्ष्य वाटते. पाथर्डी तालुक्यातील कोठेवाडीवर जानेवारी २००१ मध्ये पडलेला दरोडा आणि त्यात स्त्रियांवर झालेले अत्याचार यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर वस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला.

बिनदाराचे गाव आणि त्याचा शेजार

गावाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरचे उदाहरण हमखास दिले जाते. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा करतो, ही श्रद्धा सर्वश्रुत आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. परंतु त्याच सुमारास, म्हणजे २०१० आणि २०११ मध्ये, तिथे चोरीच्या तक्रारीही पुढे आल्या. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांकडून पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि ते प्रकरण विधिमंडळात गाजले. दारातून आत येणाऱ्या चोराला श्रद्धा कदाचित अडवत असेल. मोबाइलच्या पडद्यातून येणाऱ्याला ती अडवू शकत नाही.

यामुळे शिंगणापूरची परंपरा खोटी ठरत नाही. जिथे प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखतो आणि चोरीचा माल लपवायला जागा नसते, तिथे लोकलाज हेच कुलूप असते. यात्रेकरूंची गर्दी वाढली, ओळख विरळ झाली, की त्या कुलपाची पकड सैल होते. बहुतेक वाढत्या खेड्यांची हीच कथा आहे.

मात्र ओळखीच्या या घट्ट विणीला दुसरी, काळी बाजू आहे. शिंगणापूरपासून काही किलोमीटरवरच सोनई आहे. १ जानेवारी २०१३ रोजी त्या परिसरात तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. कारण होते आंतरजातीय प्रेमसंबंध. हा खटला पुढे नाशिकला चालवण्यात आला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. त्या खटल्यात अनेक साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता झाली.

दाराला कुलूप न लावता झोपणारे गाव आणि साक्ष द्यायला कचरणारे गाव ही दोन्ही एकाच जिल्ह्यात, कधी शेजारी-शेजारी असतात. चोरीच्या बाबतीत जी लोकलाज रक्षण करते, तीच जातीच्या आणि स्त्रीच्या बाबतीत तोंड दाबते. म्हणूनच 'आमच्या गावात गुन्हेच नाहीत' हे वाक्य ऐकल्यावर ते कोण म्हणत आहे, हे आधी पाहावे लागते. मध्यवस्तीतील वाड्यात राहणाऱ्याचा अनुभव आणि गावकुसाबाहेरच्या पालात राहणाऱ्याचा अनुभव एक नसतो.

जागल्यापासून फोनपर्यंत

पूर्वी गावाची राखण जागल्या करीत असे. रात्रीची गस्त, परक्या माणसाची खबर आणि चोराचा माग काढणे ही त्याची कामे होती. वंशपरंपरागत पाटीलकी संपली आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील हे पद आले. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. गावातील गुन्ह्यांची, संशयास्पद हालचालींची व तणावाची माहिती वेळेत कळवणे हे त्याचे मुख्य काम. २०२४ मध्ये शासनाने त्याचे मानधन दरमहा पंधरा हजार रुपये केले. पोलीस पाटील गटातटांच्या वर असला, तर वाद ठाण्यापर्यंत जाण्यापूर्वीच निवळतात. तोच एका गटाचा असला, तर खबर वर पोहोचण्यापूर्वीच गाळली जाते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटवावेत आणि यशस्वी गावाला रोख पारितोषिक मिळावे, ही कल्पना लोकप्रिय ठरली. वर्षानुवर्षे न्यायालयात अडकणारे कितीतरी दिवाणी वाद त्यातून मिटले. पण तक्रारी कमी दिसल्या की बक्षीस, या गणितात एक धोकाही होता. घरात मार खाणाऱ्या सुनेला 'गावाचे नाव जाईल' म्हणून गप्प बसवणे म्हणजे तंटा मिटवणे नव्हे.

अलीकडच्या काळात ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या माध्यमातून एका ठरावीक क्रमांकावर फोन केला, की परिसरातील सर्व नोंदणीकृत मोबाइलवर तोच आवाज एकाच वेळी ऐकू जातो. वस्तीवर दरोडा पडला, तर मिनिटाभरात शेजारच्या वस्त्या जाग्या होऊ शकतात. बिबट्या दिसला किंवा लहान मूल हरवले, तरी ती उपयोगी पडते. मात्र हाच मोबाइल अफवाही तितक्याच वेगाने पसरवतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. गावाला तेव्हा आपण स्वतःचे रक्षण करतो आहोत, असेच वाटत होते.

या संशयाची मुळे जुनी आहेत. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण चोरी झाली की प्रथम पारध्याच्या पालाकडे बोट दाखवण्याची सवय गेली नाही. यात निरपराध माणूस भरडला जातो आणि खरा चोर, जो अनेकदा माहीतगार असतो, निश्चिंत राहतो.

खरी कसोटी

कायद्याने आता तक्रारदाराच्या हाती बरेच काही दिले आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्राथमिक खबर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही ती देता येते. त्यावर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. शहरातील मुलाने गावाकडच्या आई-वडिलांना कॅमेरा बसवून देण्याबरोबरच हे अधिकार समजावून दिले, तर त्याचा उपयोग अधिक होईल. आपत्तीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहेच.

श्रीरामपूर असो वा अन्य कोणता तालुका, गावाची सुरक्षितता ठाण्यातील नोंदींच्या कमी संख्येवरून ठरवणे म्हणजे रोग्याने कण्हणे थांबवले म्हणून तो बरा झाला असे मानण्यासारखे आहे. वस्तीवरची म्हातारी, मार खाणारी सून, पालात राहणारा पारधी आणि केबल चोरीला गेलेला अल्पभूधारक यांपैकी कोणीही निर्धास्तपणे ठाण्याची पायरी चढू शकत असेल आणि त्याच्यासाठी साक्ष द्यायला गावातील दुसरा माणूस उभा राहत असेल, तर त्या गावाच्या नोंदवहीत चार गुन्हे अधिक असले तरी ते सुरक्षित समजावे. रात्री नऊच्या फोनवर विचारायचा प्रश्नही तोच आहे. गावात काही घडले का, हे विचारून भागणार नाही. उद्या काही घडले तर कोणाकडे जाल आणि तुमच्यासोबत कोण येईल, हे विचारायला हवे.