नवव्या वर्षी आलेली भीती

पाळीव कुत्र्याचे वागणे बदलले की घरात दोन निदाने तयारच असतात : ‘लाडावलाय’ किंवा ‘म्हातारा झालाय’. दोन्ही बहुधा घाईची ठरतात. दुखणे जुने असेल तर कुत्रा क्वचितच केकाटतो. तो सोफ्यावर उडी मारणे सोडतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो, पाठीवर हात फिरवला की गुरगुरतो. म्हणून वागण्यातला कोणताही नवा बदल आधी शरीराची तक्रार समजून तपासावा आणि स्वभावाला दोष मागाहून द्यावा, असे पशुवैद्यक सांगतात.

कुत्रा माणसाळला त्याला किमान १५ हजार वर्षे झाली असावीत. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या कबरीत दोन माणसांसोबत कुत्र्याचीही हाडे होती. इतक्या जुन्या सहवासानंतरही माणसाला त्याचा चेहरा नीट वाचता येतोच असे नाही. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मान खाली, कान मागे, नजर चुकवणे हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खाऊ चोरला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे, मग कुत्रा निर्दोष का असेना. गादी ओली केल्याची ‘कबुली’ देणारा कुत्रा बहुधा रागावलेल्या आवाजाला घाबरलेला असतो.

भीतीचे सर्वांत ओळखीचे रूप दिवाळीत दिसते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. फटाक्याच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे, आणि सोसायटीच्या आवारात चार मीटर कोण मोजतो? मग धापा, लाळ, थरथर, न्हाणीघरात किंवा पलंगाखाली दडणे हे सारे ओघाने येते. पिल्लू ३ ते १२ आठवड्यांचे असताना जगाची जी ओळख होते, तिचा ठसा आयुष्यभर राहतो. त्या काळात शांत घरात वाढलेले कुत्रे पुढे आवाजाला बिचकते, हे समजण्यासारखे आहे.

पण आठ दिवाळ्या खुशाल घोरत काढलेला कुत्रा नवव्या दिवाळीत लवंगी माळेला थरथरू लागला तर? आवाज तोच, कुत्राही तोच. या कोड्यावर २०१८ मध्ये ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी एक छोटा पण विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांपैकी दहांना स्नायू वा सांध्यांचे दुखणे होते, दहांना नव्हते. दुखणे असलेल्यांमध्ये भीती सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. संशोधकांनी मांडलेला तर्क असा : दचकताना स्नायू आखडतात, दुखऱ्या सांध्यात कळ येते आणि आवाज व कळ यांची मनात गाठ बसते. पुढे आवाज झाला ती जागा आणि तिथे भेटणारी इतर कुत्रीही नकोशी होतात. मालकाला दिसते ते एवढेच, की कुत्रा बागेत यायला तयार नाही आणि शेजारच्या कुत्र्यावर धावून जातो. अशा कुत्र्याला फटाक्यांच्या ध्वनिफिती ऐकवून सराव देण्याआधी त्याचे खुबे, गुडघे आणि पाठ तपासायला हवी.

शहरी घरांत या दुखण्याला खतपाणी भरपूर. लॅब्राडोरला खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असू शकतो. त्यात चहासोबतच्या बिस्किटांनी वजन वाढते. आणि घराची शोभा असलेली गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या कुत्र्याला निसरडा घाट वाटते. साध्या रबरी पट्ट्यांनी कुत्रे पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागते, तेव्हा ‘हट्टीपणा’ कुठे होता ते कळते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके मात्र परस्पर देऊ नयेत. ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

‘म्हातारा झालाय’ या निदानात तथ्य असतेच. कोपऱ्यात अडकून भिंतीकडे पाहत राहणे, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभे राहणे, दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या ही मेंदूच्या ऱ्हासाची लक्षणे आहेत. २००१ च्या एका अमेरिकी पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशी किमान एका प्रकारची लक्षणे आढळली. पण तिथेही दृष्टी, श्रवण आणि दुखणे आधी तपासतात.

बाकीची कारणे थोडक्यात. पाणी फार पिणे आणि घरात लघवी होणे यामागे मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. मरगळ आणि अन्न नकोसे होणे हे गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही दिसते. अचानक आक्रमकता, बदललेले भुंकणे, गिळता न येणे, लाळ गळणे दिसले तर रेबीजचा विचार करून कुत्र्याला हात न लावता तत्काळ पशुवैद्यकाला कळवावे. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

दवाखान्यात कुत्रा अनेकदा वेगळाच वागतो, लंगडणेसुद्धा विसरतो. म्हणून घरी उठताना, जिना चढताना, रात्री फिरताना काढलेले मोबाइलवरचे चित्रण सोबत न्यावे. आणि एक तारीख न्यावी : हे पहिल्यांदा कधी दिसले?