सेप्टिक टाकीचे पाणी जाते कुठे?

खेड्यात घर बांधताना सेप्टिक टाकी जितकी मोठी तितकी चांगली, असा समज आहे. पण टाकीतून बाहेर येणारे पाणी कुठे सोडले, हे आपण सहसा विचारत नाही. महत्त्वाचे मात्र तेच आहे.

संडासातून आलेले पाणी टाकीत साधारण एक-दोन दिवस थांबते. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, हलका भाग सायीसारखा वर तरंगतो. हवेविना जगणारे जीवाणू गाळाचे विघटन करतात. मधल्या थरातले पाणी बाहेर पडते. रोज जितके आत येते तितकेच बाहेर जाते. टाकी कितीही मोठी असो. हे पाणी बरेच निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात. ते गटारात सोडणे म्हणजे मैला शेजाऱ्याच्या दारी पोचवणे!

उरलेले काम माती करते. म्हणून टाकीनंतर शोषखड्डा हवाच. माती पाणी गाळते, तिच्यातले जीवाणू उरलेली घाण खातात. मात्र प्रत्येक जमिनीला हे जमत नाही. मुरमात पाणी सहज जिरते, चिकण काळ्या मातीत तुंबते. दख्खनच्या काळ्या खडकात भेगा असतील तर ते न गाळताच विहिरीत उतरू शकते. तेव्हा विहिरीपासून अंतर निदान १५ ते २० मीटर ठेवावे, भेगाळ खडकात त्याहून जास्त.

जमिनीची परीक्षा विद्यार्थ्यांनाही करता येईल. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा व रात्रभर भिजू द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे पाणी ओतून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. अर्ध्या तासाहून अधिक लागली तर शोषखड्ड्याचा भरवसा धरू नये.

शिवाय दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो, तोही यंत्रानेच. टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरणाराही दगावतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

गाळ उपसणारी गाडी गावात पोचत नसेल, तर लहान कुटुंबाला दोन शोषखड्ड्यांचा संडास आम्हाला अधिक सोयीचा वाटतो. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आतला मैला कुजून मातीसारखा होतो, आणि फावड्याने काढून शेतात टाकता येतो.