बांधावरच्या पेटीची आठवण

इस्लामपूरच्या आसपास, कृष्णा आणि वारणेच्या मधल्या उसाच्या पट्ट्यात, ठिबकचे ऑटोमेशन घेणारा शेतकरी विक्रेत्याला आधी नियंत्रण पेटीची किंमत विचारतो, मग ॲप मोबाईलवर नीट चालते का ते, आणि फार तर आत किती जीबीचे कार्ड आहे ते. यातला शेवटचा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. मातीतला ओलावा, तापमान, कोणत्या व्हॉल्व्हमधून किती पाणी गेले, या नोंदी चिमूटभर असतात. दर १५ मिनिटांना एक धरली तरी वर्षाला सुमारे ३५ हजार होतात, आणि त्या सगळ्या मिळून मोबाईलवरच्या एका फोटोएवढीही जागा खात नाहीत. विचारायला हवे ते वेगळेच: ही मेमरी किती वेळा लिहून घेईल, आणि लिहिता लिहिता लाईट गेली तर मागे काय उरेल?

अशा उपकरणांत बहुधा फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती १९८०च्या दशकात विकसित केली. इलेक्ट्रॉन एका पातळ ऑक्साइड थराआड कोंडून ठेवायचे, ही तिची युक्ती. म्हणून वीज गेली तरी नोंद राहते. पण खोडताना आणि लिहिताना मोठा व्होल्टेज लावून इलेक्ट्रॉन त्याच थरातून ढकलावे लागतात आणि थर हळूहळू झिजतो. चांगल्या प्रतीची फ्लॅश साधारण एक लाख वेळा हे सोसते, स्वस्त कार्डांतली जेमतेम काही हजार वेळा. पाण्याचा चालू आकडा दर सेकंदाला एकाच जागी लिहीत राहिलो, तर त्या लाख वेळा २८ तासांत संपतात. हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या टचस्क्रीनमागची ८ जीबीची फ्लॅश सततच्या लिखाणाने झिजून जात होती आणि पडद्याबरोबर मागचा कॅमेराही बंद पडत होता. इतक्या महागड्या गाडीत हे घडते, तर बांधावरच्या उन्हात तापणाऱ्या पेटीचे काय? उष्णतेने फ्लॅशमधली नोंद टिकण्याचा काळही घटतो.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. एफरॅम नावाच्या मेमरीत इलेक्ट्रॉन कोंडावे लागत नाहीत. विजेच्या क्षेत्राने स्फटिकातले अणू किंचित सरकतात आणि तिथेच राहतात. आधी खोडायची गरज नाही, लिहिणे मायक्रोसेकंदाच्याही आत उरकते आणि सहनशक्ती दहा लाख कोटी वेळांच्या घरात जाते. दर सेकंदाला लिहिले तरी तीन लाख वर्षे. (गंमत म्हणजे ती वाचताना नोंद पुसली जाते आणि चिपला लगेच पुन्हा लिहावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाच्या चुंबकी कड्यांचीही तीच तऱ्हा होती.) चुंबकत्वावर चालणारी एमरॅम ही मेमरीही एफरॅमच्याच पंगतीतली. शेतीपंपांची वीज जिथे पाळ्यांनी येते तिथे लिहिण्याच्या या वेगाला खरा अर्थ आहे. लाईट जाताना कपॅसिटरमधली शिल्लक काही मिलिसेकंद पुरते. साध्या ईईप्रॉम मेमरीला एक नोंद लिहायलाच पाच मिलिसेकंद लागू शकतात. एफरॅम तेवढ्यात 'तिसऱ्या व्हॉल्व्हला अर्धे पाणी झाले' हे लिहून मोकळी होते.

कोणी म्हणेल, नोंदी थेट क्लाउडवर पाठवा, पेटीत साठवायच्या कशाला? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोका पातळीच्या १२ फूट वर. त्या दिवसांत वीज आणि मोबाईल दोन्ही कोलमडले होते. आणि नदीची पातळी मोजणाऱ्या अशाच एखाद्या यंत्राची सर्वांत मोलाची नोंद नेमकी तेव्हाचीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फ्लॅशमध्ये लिखाण वेगवेगळ्या जागी वाटून झीज पसरवता येते. येते, आणि तसे करावेच. पण ही वाटणी म्हणजे मजकूर इकडून तिकडे हलवणे, आणि हलवतानाच वीज गेली तर त्या नोंदीबरोबर कोणती नोंद कुठे आहे याची यादीही बिघडू शकते. तिसरा आक्षेप किमतीचा, आणि तो खराच आहे. जागेच्या हिशेबाने एफरॅम फ्लॅशच्या कित्येक पट महाग पडते. मात्र सगळा इतिहास तिच्यात ठेवायला कोण सांगतो? चालू आकडे आणि शेवटची स्थिती काही किलोबाइटांत मावते. जुन्या नोंदी खुशाल फ्लॅशमध्ये जाऊ द्याव्यात.

आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने उभा असतो, आणि पेटीकडून तशी चार-पाच पिके तरी निघावीत. एकटा शेतकरी चिपची माहितीपत्रके वाचत बसणार नाही. पण साखर कारखाने आणि उपसा सिंचन संस्था एकगठ्ठा खरेदी करतात. त्यांच्या निविदेत लेखनक्षमतेचा आकडा मागता येईल. आणि पैसे देण्याआधी नमुन्याची पेटी पाणी चालू असताना पन्नास वेळा बटणावरून बंद करून, प्रत्येक वेळी आकडा जुळतो का, हे तालुक्यातला कोणताही वायरमन तपासू शकेल.