केक जाणाऱ्यानेच आणायचा

पुण्या-मुंबईच्या कार्यालयात निरोपाचं सगळं ठरलेलं असतं. वर्गणीचं पाकीट फिरतं, कुणीतरी शाल-श्रीफळ आणतं, साहेब ‘दोन शब्द’ बोलायला उठतात आणि वीस मिनिटांनी बसतात. ज्याचा निरोप असतो त्याचं काम एवढंच, की मान वाकवून हार घालून घ्यायचा आणि शेवटी थोडं गहिवरायचं. समोशांचा हिशेब त्याने करायचा नसतो.

हाच माणूस नोकरीनिमित्त म्युनिकच्या उत्तरेला, एस-१ लोकलच्या मार्गावरच्या उंटरश्लाइसहाइमला गेला की पहिला गोंधळ इथेच होतो. हे गाव २००० साली शहर झालं. मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय २०१६ पर्यंत इथे होतं, मग ते म्युनिकच्या श्वाबिंग भागात गेलं; २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने स्वयंचलित गाड्यांवर काम करणारं केंद्र इथे उघडलं. माणसं येतात, दोन-चार वर्षं थांबतात, दुसरीकडे जातात. म्हणजे निरोपाचे प्रसंग भरपूर, आणि त्याविषयीचे गैरसमजही.

सर्वांत दुखरा गैरसमज असा : राजीनामा देऊन दोन महिने झाले, शेवटचा आठवडा उजाडला, तरी ऑफिसात कुणी निरोपाचा विषय काढत नाही, म्हणजे आपली कुणाला किंमतच नव्हती. नागपूर-नाशिकचा माणूस इथे मनातून खट्टू होतो, घरी येऊन बायकोला म्हणतो, ‘‘चार वर्षं राबलो गं, पण एकानेही साधं विचारलं नाही.’’ तिकडे त्याचे जर्मन सहकारी वेगळ्याच कोड्यात असतात. हा अजून काही बोलवत कसा नाही?

वस्तुस्थिती अशी, की जर्मनीत नोकरी सोडून जाणारा माणूसच यजमान असतो. त्याला तिकडे ‘आउसष्टांड’ देणं म्हणतात. नवीन नोकरीत रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी नव्या माणसाने खाऊ आणायचा, वाढदिवसाला ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, आणि जाताना जाणाऱ्याने सगळ्यांना बोलवायचं. आमंत्रणही त्यानेच पाठवायचं : अमुक तारखेला, सकाळी अकरा वाजता, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. सहकारी हात हलवत येत नाहीत. त्यांनीही गुपचूप वर्गणी काढलेली असते, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड असतं, एखादी भेट असते. पण पहिलं पाऊल जाणाऱ्याने टाकायचं. गावाकडे फोनवर हे सांगितलं की आई हमखास विचारते, ‘‘अरे, जाणार तू आणि खर्चही तूच करायचा?’’ हो, आई. मीच.

सेवानिवृत्तीचं थोडं वेगळं असतं. तिथे बहुधा दोन्ही बाजूंनी काहीतरी होतं : कंपनी किंवा विभाग छोटा समारंभ करतो, वरिष्ठ बोलतात, आणि निवृत्त होणारा आपल्या जवळच्या सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे खाऊ घालतो.

तारीख कुठली धरायची, यात दुसरी चूक होते. आपल्याकडे शेवटचा दिवस म्हणजे शेवटचा दिवस. संध्याकाळी समारंभ, मग गाडीतून घरी. जर्मनीत करार संपण्याची तारीख आणि ऑफिसातला शेवटचा दिवस यांत महिन्याचंही अंतर पडू शकतं, कारण उरलेली रजा आधी संपवायची असते. रजा घेणं शक्यच झालं नाही तरच तिचे पैसे मिळतात. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवस रजा आहे, अनेक कंपन्या ३० देतात. करार ३० सप्टेंबरला संपतो आणि २० दिवस रजा शिल्लक आहे, असं धरलं तर सप्टेंबर उजाडता उजाडताच टेबल आवरावं लागतं. शिवाय ऑगस्टात बव्हेरियातल्या शाळांना सुट्टी, निम्मं ऑफिस इटलीच्या वाटेवर. तारीख न बघता आखलेल्या निरोपाला मग तिघं येतात आणि तीन किलो श्रीखंड उरतं.

निवृत्तीच्या वयाबद्दल तर मराठी घरांत हमखास एक वाक्य ऐकू येतं : ‘‘सदुसष्ट झाले की कंपनीच घरी बसवते.’’ असं आपोआप होत नाही. १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी नियमित पेन्शनचं वय ६७ आहे, हे खरं. पण ते वय गाठलं हे कायद्याने कामावरून काढण्याचं कारण होऊ शकत नाही. नोकरी त्या दिवशी संपते ती करारात किंवा संघटनेबरोबरच्या सामूहिक करारात तसं कलम असेल तर. आणि बहुतेक करारांत ते असतं. नसेल तर नोकरी चालूच राहते आणि थांबायचं असल्यास कर्मचाऱ्यालाच राजीनामा द्यावा लागतो. म्हणून भाषणांची यादी करण्याआधी करार काढून वाचावा. पेन्शनही आपोआप सुरू होत नाही. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो साधारण तीन महिने आधी करावा असं पेन्शन विमा कार्यालयच सुचवतं.

महाराष्ट्रात ३१ मे हा सामूहिक निरोपाचा दिवस असतो. जुन्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजींनी हजारो मुलांची जन्मतारीख १ जून लिहून टाकली, आणि पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा सरकारी नियम आहे. परक्या देशात हे गणित वेगळं असेल असं वाटतं, पण नाही. जर्मन नागरी संहितेप्रमाणेही १ जूनला जन्मलेल्याचं वर्ष ३१ मे रोजी पूर्ण होतं आणि त्याची पेन्शन १ जूनपासून धरली जाते. गुरुजींनी लिहिलेली तारीख पासपोर्टमार्फत बव्हेरियापर्यंत चालते.

आता पैशाचं. ‘कंपनीने निरोपाचा खर्च केला तर तो पगारात धरून कर कापतात’ ही भीती निम्मी खरी आहे. जर्मन आयकर खात्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्मचाऱ्याच्या निरोप समारंभाचा नेहमीचा खर्च माणशी ११० युरोपर्यंत असेल तर तो पगार मानला जात नाही. त्यात ६० युरोपर्यंतच्या भेटवस्तूही मोजायच्या. याच्याही पुढचा निकाल म्युनिकमध्येच बसणाऱ्या केंद्रीय वित्त न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. एका वित्तसंस्थेच्या मावळत्या अध्यक्षांसाठी मोठा स्वागत समारंभ झाला होता. करखात्याचं म्हणणं, हा खर्च त्यांच्या पगारात धरा. न्यायालय म्हणालं, समारंभ कंपनीचा होता. पाहुणे कंपनीने बोलावले. त्यामुळे तो निवृत्त होणाऱ्याचा पगार नव्हे. त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या वाट्याचा खर्चसुद्धा नव्हे. मात्र कंपनीने पाकिटात रोख रक्कम दिली तर ती कितीही छोटी असो, पगारच. सहकाऱ्यांनी आपसात वर्गणी काढून दिलेली भेट हा खासगी मामला, त्याचा पगाराशी संबंध नाही.

वर्गणीवरून आठवलं. ‘आपल्याकडे सरकारी कार्यालयात सगळ्यांनी वर्गणी द्यावीच लागते’ हा समज तर मायदेशातच चुकीचा आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधला १४ वा नियम निरोप समारंभाला परवानगी देतो, पण तो खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा असावा असं सांगतो. वर्गणीसाठी कुणावर दबाव आणायला त्यात मनाई आहे. आणि वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी ‘क’ आणि ‘ड’ गटातल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करायला तर कोणत्याही परिस्थितीत बंदी आहे. साहेबांच्या चांदीच्या ताटासाठी शिपायाकडून शंभर रुपये घेणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचायला हरकत नाही.

सगळ्यात मजेशीर गैरसमज सामानाच्या बॅगेत भरलेले असतात. निवृत्त होणाऱ्या मराठी माणसाचा साग्रसंगीत सत्कार करायचा म्हणून कुणी पुण्याहून येताना सगळं घेऊन येतं : शाल, नारळ, मोगऱ्याचा हार, पेढे. यातल्या नारळाचं काय होणार याची सगळ्यांना धास्ती असते आणि पेढ्यांबद्दल कुणाला शंकाच नसते. प्रत्यक्षात उलटं आहे. युरोपीय संघात बाहेरून फळं, भाज्या, फुलं आणायची तर रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त पाच फळं वगळली आहेत : अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. म्हणजे श्रीफळ विमानतळावरून सन्मानाने बाहेर पडतं. हार मात्र प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, कारण तोडलेल्या फुलांनाही तोच नियम. आणि खव्याचे पेढे दुग्धजन्य पदार्थांत मोडतात; भारतातून प्रवाशाने मांस किंवा दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, ते जप्त होतात. बाकरवडी आणावी. तिला कुणी हात लावत नाही, निदान विमानतळावर तरी.

हार तिथेच घ्यायचा ठरवला तरी एक काळजी. पिवळी-पांढरी शेवंती आपल्याकडे शुभ, पण जर्मनीत ती नोव्हेंबरातल्या सर्वसंतदिनी कबरींवर ठेवतात. निवृत्त होणाऱ्या म्हाताऱ्या सहकाऱ्याच्या हातात शेवंतीचा गुच्छ ठेवला तर तो हसून घेईल, पण घरी गेल्यावर त्याची बायको काय म्हणेल याचा विचार करावा.

औक्षणाची हौस असेल तर ती ऑफिसच्या इमारतीबाहेर. बैठकीच्या खोलीत छताला धूरशोधक यंत्र असतं आणि मोठ्या इमारतींत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असू शकतं. उदबत्तीच्या धुराने बंब आला, तर त्या फेरीचं बिल इमारत चालवणाऱ्या कंपनीला लागू शकतं, अशी बव्हेरियाच्या कायद्यात तरतूद आहे.

खाण्याचं काय? बव्हेरियात सकाळच्या निरोपाला वाइसवुर्स्ट म्हणजे पांढरे सॉसेज, गोडसर मोहरी आणि ब्रेत्सेल हा ठरलेला बेत. हे सॉसेज दुपारी बाराच्या आत संपवायचे असा संकेत आहे, आणि ते उकळत्या पाण्यात टाकले तर फुटतात. पाणी गरम करून गॅस बंद करायचा, मग ते सोडायचे. त्यात वासराचं आणि डुकराचं मांस असतं, हे ज्यांना खायचं नाही त्यांनी आधीच जाणून घ्यावं. पण ‘जर्मनांना त्यांचंच खायला घालावं लागतं’ हा मात्र भ्रम. बटाटेवड्यांचं ताट ठेवा, दहा मिनिटांत रिकामं होतं. खरी काळजी तिखटाची नाही, अॅलर्जीची. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, चिवड्यात शेंगदाणे, चिक्कीत तीळ, फोडणीत मोहरी. आणि हिंग : बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ग्लूटेन न चालणाऱ्या सहकाऱ्याला ‘हे तर फक्त तांदूळ आणि डाळ आहे’ असं सांगून वाढलेला खमंग ढोकळा त्याला आजारी पाडू शकतो. ताटापुढे कागदाची चिठ्ठी लावायला एक मिनिट लागतं. ती जर्मनमध्ये लिहावी.

‘बव्हेरियात ऑफिसात बिअर चालतेच’ हेही अर्धसत्य. कायद्याने सरसकट बंदी नाही. अपघात विम्याचा नियम एवढाच, की पिऊन स्वतःला किंवा इतरांना धोका होईल अशा अवस्थेत कुणी जाऊ नये. पण अनेक कंपन्यांत स्वतःची बंदी असते, त्यामुळे खोका आणण्याआधी विचारावं. कंपनीच्या संमतीने, सगळ्या विभागासाठी ठेवलेला कार्यक्रम कामाच्या अपघात विम्यात येऊ शकतो. जाणाऱ्याने संध्याकाळी आपल्या खर्चाने उपाहारगृहात दिलेली मेजवानी येत नाही.

फोटोंबद्दल आपण फारच बेफिकीर असतो. भाषण चालू असतानाच फोटो ग्रुपवर पडतात. जर्मनीत मात्र माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते, आणि हा नियम समाजमाध्यमांमुळे आलेला नाही. तो १९०७ च्या कायद्यातला आहे. १८९८ साली बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री खोलीत शिरून त्याच्या मृतदेहाचे फोटो काढले. त्या प्रकरणाने हा कायदा होण्यास चालना दिली. निरोपाचे फोटो टाकण्याआधी विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. न विचारता टाकले तर दुसऱ्या दिवशी काढायची वेळ येते.

एक गोष्ट मात्र समारंभाच्या गडबडीत राहून जाते, आणि केकपेक्षा तिची किंमत जास्त आहे. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला कामाचं लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा जर्मन कायद्याने हक्क आहे. पुढची नोकरी त्यावर अवलंबून असते. ते साधं नको, कामगिरी आणि वागणूक नोंदवणारं सविस्तर मागावं, आणि ऑफिसात असतानाच मागावं. एकदा रजेवर गेलं, ओळखपत्र आणि लॅपटॉप परत केला, की पाठपुरावा करणं जड जातं.