वाटेची पोथी कोण लिहिणार?

पुलगाव स्थानकावर उतरलेल्या एखाद्या प्रवाशाने आर्वीला पायी जाण्याची वाट विचारली, तर त्याला बहुधा एसटीची वेळ सांगण्यात येईल. यात उत्तर देणाऱ्याचा दोष नाही. पुलगावहून आर्वी, आर्वीहून वर्धा नदी ओलांडून कौंडिण्यपूर आणि तेथून पुढे रिद्धपूर हा प्रवास पायी करणाऱ्यांची पिढी मागे पडली, आणि तिच्याबरोबर वाट सांगण्याची विद्याही मागे पडली. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज गाडी विरुळ, रोहण्याच्या शिवारातून संथपणे जात असे. ती गाडीही आता धावत नाही. तिच्या रुंदीकरणाची चर्चा मात्र अनेक वर्षे चालू आहे. याच आर्वी तालुक्यातून आता नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्या मार्गावर पायी चालणाऱ्यास प्रवेश नाही, दुचाकीलाही नाही. मार्ग वाढले आणि वाटा कमी झाल्या, असे या भागाचे वर्णन केल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

लांबच्या पायी किंवा सायकलच्या प्रवासासाठी मार्गदर्शक पुस्तक ही कल्पना परदेशी आहे, हौशी लोकांची आहे, असा एक समज दिसतो. तो मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला धरून नाही. महानुभाव पंथात चौदाव्या शतकात सिद्ध झालेली ‘स्थानपोथी’ हे अशाच पुस्तकाचे जुने आणि उत्तम उदाहरण होय. श्रीचक्रधर कोणत्या गावी उतरले, कोणत्या देवळात बसले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला आहे, याची नोंद या पोथीत आहे. मागाहून येणाऱ्या अनुयायाला ती स्थाने बिनचूक सापडावीत, एवढाच तिचा हेतू. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून अभ्यासकांपुढे ठेवली. परंतु मुळात ती चालणाऱ्यांसाठी आहे. ‘लीळाचरित्र’ ज्या रिद्धपुरी आकाराला आले, ते पुलगावहून फार दूर नाही. मराठी भाषा विद्यापीठ आज तेथेच आहे. म्हणजे मराठी गद्य आणि वाटेची नोंद या दोन गोष्टी वऱ्हाडच्या एकाच मुलखात वाढल्या.

युरोपातही याच स्वरूपाचा आरंभ आढळतो. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेसाठी बाराव्या शतकात लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात वाटेवरील कोणत्या नदीचे पाणी पिण्यास योग्य आणि कोणत्या नदीचे घातक, हे बजावून सांगितले आहे. चालणाऱ्याचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो, हे त्या लेखकाला माहीत होते.

वर्धा जिल्ह्याला तर हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. ज्या गांधीजींनी पुढे सेवाग्रामला मुक्काम केला, त्यांनी १९३० साली दांडीची २४१ मैलांची पदयात्रा केली, तेव्हा गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांची ‘अरुण टुकडी’ पुढे जात असे. गावाची लोकसंख्या, चरखे, जनावरे, शेतसारा यांची माहिती अगोदर गोळा केली जाई. विनोबा मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्लीला पायीच निघाले. एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाचा उगम झाला आणि १९६४ साली ते पवनारला परतले. पायी जाणे म्हणजे वाटेल तसे भटकणे नव्हे. पुढचे गाव जाणून घेऊन त्या गावाकडे जाणे होय, हा या यात्रांचा धडा आहे.

असे असता, मराठीत ही परंपरा आज कोठे उरली आहे? सह्याद्रीतील दुर्गवाटांसाठी ‘सांगाती सह्याद्रीचा’सारखी उपयुक्त पुस्तके झाली. नर्मदा परिक्रमेवरही पुष्कळ लिहिले गेले. विदर्भाच्या सपाट मुलखाच्या वाट्याला मात्र अशी पुस्तके क्वचितच आली, कारण सपाट प्रदेशात पाहण्यासारखे काही नाही आणि चुकण्यासारखेही काही नाही, असे गृहीत धरले जाते. ही दोन्ही गृहीते चुकीची आहेत. कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. तिची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. पालखीचे मुक्काम ठरलेले असतात. परंतु ती माहिती दिंडीतल्या जाणत्या माणसांच्या स्मरणात राहते, आणि स्मरण हे माणसाबरोबर जाते.

गावोगावी विचारत गेले की झाले, पुस्तक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. विचारावे हे खरेच. परंतु ज्याला विचारायचे तो स्वतःच मोटारसायकलवरून जात असेल, तर तो डांबरी रस्ताच दाखवील. मोबाइलवरील नकाशा आहे, हा दुसरा आक्षेप. तो नकाशा अंतर दाखवितो; पण चैत्रात कोणत्या विहिरीला पाणी असते, शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकण्यास कोणाची परवानगी घ्यावी, एकट्या स्त्रीने कोणत्या गावी निर्धास्त मुक्काम करावा, हे तो सांगत नाही. भरधाव वाहनांच्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या वारकऱ्याला याच माहितीअभावी जीव मुठीत धरून चालावे लागते.

अशा पुस्तकात काय असावे, हे या भूमीनेच ठरवून दिले आहे. वर्ध्याचा वैशाख पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा सकाळी किती वाजेपर्यंत चालावे आणि पुढची सावली कोठे, हे हवे. पावसाळ्यात काळी माती पायाला आणि सायकलच्या चाकाला अशी धरते, की हिवाळ्यात तासाभरात होणाऱ्या वाटेला अर्धा दिवस लागतो. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये आणि ऋतूप्रमाणे वेळेतही द्यावे. पांदण रस्त्यावर बाभळीचे काटे असतात. तेव्हा पंक्चर काढणारा कोणत्या गावी आहे, हे सायकलवाल्याला कळावे. नदीला पूर असता पलीकडे जाण्याचा मार्ग कोणता, हेही कळावे. आणि जाऊ नये कोठे, हेही तितकेच स्पष्ट असावे. पुलगावला दुसऱ्या महायुद्धापासून लष्कराचे दारूगोळा भांडार आहे, त्याच्या कुंपणाच्या जवळपासही वाट काढता कामा नये.

पुस्तक लिहिणे हे अर्धेच काम आहे. इंग्लंडमधील ‘पेनाइन वे’ ही पायवाट १९६५ साली खुली झाली आणि आल्फ्रेड वेनराइट यांनी हाताने लिहून, रेखाटून तिचे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध केले. संपूर्ण वाट चालून शेवटच्या खाणावळीत पोचणाऱ्यास ते स्वखर्चाने बिअर पाजीत. वाचक खरोखर चालावा, अशी लेखकाची इच्छा त्यातून दिसते. पण कुंपणे हलतात, विहिरी आटतात. चुकीचे पुस्तक हे पुस्तक नसण्याहून वाईट. कारण चालणारा त्यावर विसंबून पाण्याची बाटली रिकामी करतो.

म्हणून हे काम एकट्या हौशी लेखकाचे नाही. पुलगाव आणि आर्वीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी दरवर्षी दिवाळीनंतर ही वाट चालून नोंदी तपासाव्यात, ग्रामपंचायतींनी पाण्याची व मुक्कामाची माहिती कळवावी, जिल्हा परिषदेने पुस्तिका छापावी आणि दरसाल दुरुस्तीचे एक पान जोडावे. याला मोठा निधी लागत नाही. लागते ते दरवर्षी चालण्याचे सातत्य.

पुलगावची जुनी कापड गिरणी बंद पडली, छोटी गाडी थांबली. नावातच पूल असलेल्या या गावाला आता पुन्हा कोणाला तरी पलीकडे पोचविण्याचे काम घेता येईल. सातशे वर्षांपूर्वी देवळाच्या दाराची दिशा लिहून ठेवणाऱ्यांच्या वारसांना एका विहिरीचा ठावठिकाणा लिहून ठेवणे अवघड वाटू नये.