रॅम बदलताना न जाणवणारा झटका

थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? तीच स्थिर वीज आज आपला विषय. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टला. पण नाजूक चिप 100 व्होल्टच्या आतही बिघडू शकते. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत तिचं काम झालेलं असतं! कधी ती लगेच मरतही नाही. अर्धमेली होते, आणि नेमका प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रात्री लॅपटॉप बंद पडतो.

म्हणून मी एक क्रम पाळतो. आधी शटडाउन, स्लीप चालत नाही. मग चार्जर काढायचा, झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं. उरलासुरला चार्ज निघून जातो. काम लाकडी टेबलावर करायचं, गादीवर नाही. नवी रॅम शेवटपर्यंत अँटिस्टॅटिक पिशवीतच ठेवायची. तिला हात लावण्याआधी लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूला बोट टेकवायचं, म्हणजे तुम्ही आणि लॅपटॉप एकाच पातळीवर येता. रॅम कडेनंच धरायची, सोनेरी पट्ट्यांना हात नको.

मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा असेल तर उत्तमच. नसेल, तर मधूनमधून त्या धातूला शिवत राहा.